मुद्दाम नापास

सोमवारी सकाळी बर्फावरच्या हॉकीच्या रिंकमागच्या आपल्या खोलीत कोट काढता काढता आर्डिस टॉलफसन थांबली, पुन्हा कोट चढवला आणि बाहेर गाडीपाशी गेली. इंजिन गरम ठेवणारी वायर खांबावरच्या विजेला जोडली की नाही, हेच तिला आठवेना. जोडलेली होती. फेब्रुवारीत आमच्या उत्तर मिनेसोटात एवढी एक गोष्ट विसरली तर संध्याकाळी गाडी ढिम्म हलत नाही, त्यामुळे खात्री करून घेण्यात काही वेडेपणा नव्हता. पण या आठवड्यातली ही तिसरी खेप होती. "वय झालं, दुसरं काय," असं पुटपुटत ती ठणकणारं डोकं घेऊन आत आली.

आत कॉलेजच्या क्रीडा विभागाचा प्रमुख डेल व्होगेल तिची वाट बघत बसला होता. डेल भला माणूस. वाईट बातमी सांगायची असली की तो आधी हवामानावर बोलायचा. आज तो तळ्यावरच्या बर्फाच्या जाडीवर पाच मिनिटं बोलला.

"डेल, बर्फ दोन फूट आहे, कळलं मला. आता काय ते बोल."

डेलने खिशातून घडी घातलेला कागद काढला. "मुलींचं पत्र आलंय, कोच. सात जणींच्या सह्या आहेत. नावं मी झाकलीयत."

"कशाबद्दल?"

"तुमच्याबद्दल."

आर्डिसने चष्मा लावला. पत्रात आदळआपट नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं. आमच्या संघात ज्या मुलीला दुखापत होते तिला लाल चौकड्यांचं ब्लँकेट पांघरून बाकाच्या टोकाला बसावं लागतं, असं मुलींनी लिहिलं होतं. तिच्याशी कोणी बोलत नाही. सामना हरला की दुसऱ्या दिवशी ओकारी येईपर्यंत बर्फावर फेऱ्या माराव्या लागतात. रडलं तर सगळ्यांसमोर नक्कल होते. शेवटी एक ओळ होती: 'आम्हाला कोच टॉलफसन यांचा आदर वाटतो, पण त्यांची भीती त्याहून जास्त वाटते.'

"ही त्या कोराची करामत," आर्डिस म्हणाली. कोरा ल्युसिएर ही पहिल्या वर्षाची मुलगी. नोव्हेंबरात रिंकच्या कठड्यावर आपटली आणि तीन आठवडे ब्लँकेटात बसली. "आजकालच्या पोरी म्हणजे लोण्याच्या बाहुल्या झाल्यात. ऊन लागलं की वितळल्या!"

"कोणाची का असेना. गुरुवारी विश्वस्तांची बैठक आहे, आणि विषय एकच आहे," डेल म्हणाला. "जुन्या मुलींची चार चांगली पत्रं आणा. जोलीन ओयालाचं तर आणाच. तिच्या शब्दाला गावात अजून वजन आहे. नाहीतर..." नाहीतर काय, ते न सांगता तो पुन्हा खिडकीबाहेर बर्फाकडे बघू लागला.

तेवढ्यात पॉला ग्रेनियर दारात आली. खेळाडूंच्या दुखापती बघण्याचं काम तिचं. "मॅरेनची तपासणी झाली," ती म्हणाली. मॅरेन किव्ही म्हणजे संघाची कप्तान. परवाच्या सामन्यात तिचं डोकं कठड्यावर आदळलं होतं. "पाच शब्दांपैकी तीन सांगितले. सप्टेंबरातही तीनच सांगितले होते. कागदावर सगळं जुळतंय, त्यामुळे शनिवारी मी तिला अडवू शकत नाही."

"मग झालं तर!"

पॉला जाईना. "कोच, एक विचारू? ही मुलगी रसायनशास्त्रात कॉलेजात पहिली येते. आणि साधे पाच शब्द हिच्या डोक्यात राहत नाहीत?"

"माझ्या पोरी सप्टेंबरात जरा मंदच असतात, पॉला," आर्डिस म्हणाली. हा तिचा दरवर्षीचा विनोद होता. डेल हसला. पॉला हसली नाही.

या विनोदामागची गोष्ट सांगायलाच हवी. दर सप्टेंबरात, हंगाम सुरू होण्याआधी, प्रत्येक मुलीची एक छोटी परीक्षा होते. पाच शब्द वाचून दाखवतात, मग वर्षाचे महिने उलटे म्हणायला लावतात, मग ते पाच शब्द पुन्हा विचारतात. हा झाला शाबूत डोक्याचा आकडा. पुढे कधी डोक्याला मार बसला तर हीच परीक्षा पुन्हा घ्यायची, आणि आकडा सप्टेंबरापेक्षा खाली गेला तर मुलीला खेळू द्यायचं नाही. किती शहाणपणाची सोय! पण शहाणपणाला पळवाट काढणारे शहाणे सगळीकडे असतात. फुटक्या डोक्याने खेळायचं असेल तर सप्टेंबरातच आकडा पाडून ठेवायचा, म्हणजे मुद्दाम नापास व्हायचं! आर्डिसच्या संघात ही युक्ती एका कप्तानाकडून दुसऱ्या कप्तानाकडे चौदा-पंधरा वर्षं चालत आली होती. आर्डिसला हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि तिने कोणाला विचारलंही नव्हतं. डोळ्यांवर कातडं ओढून घ्यायचं म्हणतात, ते याहून वेगळं नसतं.

आता कोणी म्हणेल, बाई दुष्टच दिसते. तसं नव्हतं. आर्डिस लहान असताना मुलींना हॉकीच्या संघात घेत नसत. ती केस कापून, हेल्मेट नाकापर्यंत ओढून भावाच्या नावावर खेळली. पकडली गेली, घरी मार खाल्ला, पुन्हा खेळली. बिनकामाच्या हेल्मेटात किती वेळा डोकं आपटलं, त्याची मोजदाद तिने कधी ठेवली नाही. पुढे ती या कॉलेजात मुलींच्या संघाची कोच झाली तेव्हा मुलांच्या संघाला दुपारचा बर्फ आणि मुलींना पहाटे साडेपाचचा, अशी वाटणी होती. मुलींनी कपडे बदलायचे ते झाडू ठेवायच्या खोलीत. आर्डिसने दोन वर्षं अर्ज केले. तिसऱ्या वर्षी तिने पूर्ण संघाला पूर्ण पोशाखात नेऊन मुलांच्या सरावाच्या वेळी मैदानाच्या मधोमध बर्फावर बसवलं. चार तास पोरी उठल्या नाहीत! वर्तमानपत्रात त्यांचा फोटो आला. आर्डिस तीन आठवडे निलंबित झाली, गावातले अर्धे लोक तिच्याशी बोलेनासे झाले, चर्चमधल्या कॉफीला तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. पण बर्फाची वाटणी अर्धी-अर्धी झाली ती आजतागायत. आमच्या मुली आज दुपारी खेळतात ते त्या बाईमुळे, हे तिचे वैरीसुद्धा मान्य करतात.

त्यामुळे पत्र वाचल्यावर तिला राग आला त्यापेक्षा थकवा जास्त आला. आपण ज्यांच्यासाठी भांडलो त्यांनीच आपल्याविरुद्ध भांडावं! एकोणतीस वर्षं झाली होती. सोडून द्यावं, असं तिला एकदा वाटलं. मग तिने जोलीनला फोन लावला.

मंगळवारी दुपारी ती चाळीस मैल गाडी हाकत जोलीनच्या गावी गेली. जोलीन ओयाला चौदा वर्षांपूर्वीची तिची कप्तान. गुडघा सुजलेला, ओठ फाटलेला, डोकं गरगरतंय, तरी जोलीन बर्फावर! त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात दोनदा पडूनही तिने विजयाचा गोल केला होता. गेली चौदा वर्षं प्रत्येक नव्या मुलीला आर्डिस जोलीनचीच गोष्ट सांगत आली होती. 'जोलीनने कधी ब्लँकेट पांघरलं नाही!' हे वाक्य संघातल्या पोरींना तोंडपाठ होतं.

दार उघडलं ती जोलीनच होती, पण घरात दुपारी दोन वाजता संध्याकाळ होती. सगळे पडदे ओढलेले. जोलीनने डोळ्यांवर फिकट तपकिरी चष्मा लावला होता.

"या, कोच. बूट तिथेच काढा. कॉफी घेणार?"

"नको गं, उगाच कशाला त्रास."

"त्रास कसला? केलेलीच आहे."

"नको, मी आत्ताच घेऊन निघाले."

"अर्धा कप?"

"बरं, तू म्हणतेस तर अर्धा दे," आर्डिस म्हणाली. आमच्याकडे तीनदा नाही म्हटल्याशिवाय हो म्हणता येत नाही. जोलीनने भरून कप दिला आणि सोबत खजुराच्या वड्या ठेवल्या.

आर्डिसची नजर स्वयंपाकघरातल्या कपाटांवर गेली. प्रत्येक दारावर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. 'शेगडी बंद केली का?' 'एल्सीची शाळा: तीन वाजता.' 'आईला फोन केलास. सोमवारी. पुन्हा करू नकोस.'

"हे काय गं?" आर्डिसने हसून विचारलं. "माझ्याही वरताण विसराळू झालीस की काय?"

"काय म्हणायचं ते म्हणा. माझं अर्धं डोकं या कपाटांवर आहे, कोच," जोलीन म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. "परवा शेगडीवर भात ठेवला आणि अंगणातला बर्फ उपसायला गेले. एल्सीने धूर बघितला. सहा वर्षांची पोर! त्या दिवसापासून रोज शाळेतून आली की आधी शेगडी बघते, मग मला मिठी मारते."

आर्डिसच्या हातातला कप खाली आला. "तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही दर नाताळला कार्ड पाठवता, त्यात लिहिता, 'माझ्या लोखंडी पोरीला.' लोखंडाने काय सांगायचं? नवरा, मॅट म्हणतो, एल्सीला रिंकवर ने, ती हट्ट करते. मी एकदा नेलं. दिवे आणि तो आवाज... पायऱ्यांवरच बसले डोकं धरून. लोक म्हणाले, 'ती बघा जोलीन ओयाला!' सही मागायला आले हो!"

मग आर्डिसने आल्याचं कारण काढलं, कारण ते काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पत्र, सात सह्या, गुरुवारची बैठक. "तू दोन ओळी लिहिल्यास तर..."

"मी लिहून ठेवलंय. फोनवर बोललात तेव्हा लगेच लिहिलं, नाहीतर विसरले असते. पण आधी मला एक सांगा. तुम्हाला माहीत होतं ना?"

"काय?"

"सप्टेंबरचं. पाचपैकी तीन सांगायचे, दोन गिळायचे. फार कमी सांगितले तर संशय येतो, म्हणून तीन. ही युक्ती माझी, कोच. मीच शोधून काढली, मीच पुढच्या पोरींना शिकवली. नवीन मुली आल्या की कपडे बदलायच्या खोलीत दार लावून आम्ही तालीम घ्यायचो. एका वर्षी अठरा मुली, आणि अठराच्या अठरा जणींना तीनच शब्द आठवतात! आणि त्यातल्या अकरा जणी गुणवत्ता यादीत! तुम्ही ते कागद बघितले नाहीत?"

"बघितले," आर्डिस म्हणाली.

"मग?"

"मला वाटलं, पोरी जिद्दीच्या आहेत. खेळायचंय त्यांना. मी काय त्यांच्या जिद्दीला आडवी जाऊ? मला तर खेळूच देत नव्हते, जोलीन! मी मार खाल्ला या खेळासाठी. आमच्या वेळी दुखलं म्हणणं म्हणजे 'बघा, बायकांचं काम नाही हे' असं ऐकून घेणं. आम्ही दुखलं म्हणालो असतो तर तुम्हाला आज बर्फ मिळाला नसता."

"खरं आहे. तेव्हा खरं होतं. पण आता आम्हाला कोण म्हणतंय, बायकांचं काम नाही? कोणी नाही. आता एकच माणूस आहे जो दुखणाऱ्या मुलीला बाकाच्या टोकाला बसवतो." जोलीनने चष्मा काढून डोळे चोळले. "सासूने छळलं म्हणून सुनेने पुढच्या सुनेला छळायचं, असलाच हा प्रकार झाला. तुम्ही ज्यांच्याशी भांडलात ना, कोच, त्यांची खुर्ची रिकामी झाली आणि तुम्ही तिच्यावर जाऊन बसलात. आणि मी तुमच्या शेजारी बसले. मी काही साळसूद नाही यात."

पोरीने वर्मावरच बोट ठेवलं होतं. दुसऱ्या कोणी हे म्हटलं असतं तर ती उठून गेली असती.

"आणि ते ब्लँकेट," जोलीन म्हणाली. "ते कुठून आलं ठाऊक आहे का तुमच्या पोरींना? तुमच्या पहिल्या वर्षी बसमधला हीटर बंद पडला होता, आणि एका मुलीच्या खांद्याचं हाड मोडलं होतं. तुम्ही आईच्या घरून आणलेलं स्वतःचं ब्लँकेट तिला गुंडाळलंत आणि रात्रभर तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलात. तुम्हीच सांगितलं होतंत मला. मायेचं पांघरूण होतं ते. त्याची बेडी कधी झाली?"

"मला माहीत नाही," आर्डिस म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं. कोणत्या वर्षी, कोणत्या हरलेल्या सामन्यानंतर तिने ते पहिल्यांदा कोणाच्या अंगावर फेकलं, हे तिने आठवून बघितलं आणि तिला आठवलं नाही.

जोलीनने पाकीट पुढे केलं. "यात दोन्ही लिहिलंय. तुम्ही आम्हाला बर्फ मिळवून दिलात तेही, आणि सप्टेंबरचंही. दोन्ही खरं आहे. दिलंत तर सगळं द्या. अर्धं फाडून देऊ नका. नाहीच दिलंत तरी मी कोणाकडे जाणार नाही."

"मॅरेनला मार लागलाय," आर्डिस एकदम म्हणाली. "माझ्या कप्तानाला. शनिवारी तिचा शेवटचा घरचा सामना आहे. पाचपैकी तीन."

तेवढ्यात घड्याळाचा गजर वाजला. जोलीनने भिंतीवरची चिठ्ठी वाचली, 'एल्सीची शाळा', आणि ती कोट शोधू लागली. कोट तिच्या अंगातच होता.

परतीच्या वाटेवर आर्डिसने रेडिओ लावला नाही. पाकीट शेजारच्या सीटवर होतं. ते द्यायचं नाही असं ठरवलं तर काय होईल, याचा तिने पुरता विचार केला. डेल बाकीची गोड पत्रं जमवेल. विश्वस्त समज देऊन सोडून देतील. शनिवारी मॅरेन खेळेल, कदाचित जिंकूनही देईल, आणि पुढची चौदा वर्षं नव्या मुलींना मॅरेनची गोष्ट सांगता येईल. आणि चौदा वर्षांनी कुठल्यातरी स्वयंपाकघरात पिवळ्या चिठ्ठ्या लागतील! आर्डिसने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. बाहेर उणे वीस होतं, तरी तिने काच खाली केली, कारण तिला श्वास पुरेना. एकोणतीस वर्षं आपण पोरींना न रडायला शिकवलं, हे तिच्या मनात आलं, आणि ती रडली. छान, मोठ्याने, नाक पुसत रडली. रस्त्यावरून जाणाऱ्या एका लाकडाच्या ट्रकवाल्याने थांबून "बाई, गाडी बंद पडली का?" असं विचारलं तेव्हा तिने हाताने 'नाही, नाही' केलं.

बुधवारी सरावाआधी तिने सगळ्यांना कपडे बदलायच्या खोलीत बोलावलं. पॉलालाही बोलावलं. खुंटीवर लाल चौकड्यांचं ब्लँकेट लटकत होतं.

"मॅरेन शनिवारी खेळणार नाही," आर्डिस म्हणाली.

मॅरेन ताडकन उठली. "का? पॉलाने सोडलंय मला! तीन होते, तीन आहेत!"

"सप्टेंबरचे तीन खोटे होते. तुलाही माहीत आहे, मलाही."

"तुम्हाला आत्ता माहीत झालं?" मॅरेनचा चेहरा लाल झाला. "चार वर्षं, कोच! चार वर्षं तुम्ही ती जोलीनची पोथी वाचून दाखवलीत. मी पडले तरी उठले, ओकले तरी उठले, कोणासाठी? आता शेवटच्या सामन्याला तुम्हाला माझं डोकं दिसलं? का उद्या बैठक आहे म्हणून?"

आर्डिसला वाटलं, पोर बोलली त्यातलं एक अक्षरही खोटं नाही.

"तुझा राग बरोबर आहे," ती म्हणाली. "पण रागावलीस तरी चालेल, तू खेळणार नाहीस. आणि आज सगळ्यांची परीक्षा पुन्हा होणार. खरी. कोणी दोन शब्द गिळायचे नाहीत. कमी पडले म्हणून कोणाला बाकाच्या टोकाला बसवणार नाही. आधी मी देते. पॉला, घे."

मुली एकमेकींकडे बघू लागल्या. पॉलाने खुर्ची ओढली आणि सावकाश वाचलं, "मध. टाचणी. घोडा. कंदील. पायरी."

आर्डिसने पाचही शब्द लगेच म्हणून दाखवले. मग महिने उलटे. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर... ऑगस्टपाशी ती थांबली, पुढे गेली, मार्चनंतर पुन्हा थांबली, आणि कशीबशी जानेवारीला पोचली.

"आता मघाचे शब्द सांगा," पॉला म्हणाली.

"मध," आर्डिस म्हणाली. "घोडा. पायरी."

आणि ती गप्प झाली.

मागच्या बाकावरून कोणीतरी खुदकन हसलं. मग दुसरी हसली. तीन! कोचलाही युक्ती ठाऊक आहे! "कोच, दोन गिळलेत का?" एकजण ओरडली आणि सगळी खोली हसली. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

आर्डिस हसली नाही. ती पॉलाकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते, जणू शब्द तिथेच कुठेतरी दारामागे आहेत आणि दार उघडत नाही. हसू हळूहळू विझलं. मॅरेन, जी अजून उभी होती, ती खाली बसली.

"मी गिळले नाहीत गं," आर्डिस म्हणाली. "मला आठवत नाहीयेत."

बाकाच्या टोकाला, नोव्हेंबरपासूनच्या सवयीच्या जागेवर, कोरा बसलेली होती. "टाचणी," ती हलकेच म्हणाली. "टाचणी आणि कंदील."

"शाबास," आर्डिस म्हणाली. "सप्टेंबरात तू किती सांगितले होतेस?"

"पाच." कोराने मान खाली घातली. "मला सगळ्यांनी सांगितलं होतं तीन सांग म्हणून. पण माझ्या बाबांना मी शब्द दिला होता, खोटं बोलणार नाही. म्हणून मग नोव्हेंबरात..."

"म्हणून नोव्हेंबरात तुला तीन आठवडे बसायला मिळालं, आणि तुझं डोकं वाचलं. आणि त्याबद्दल मी तुला शिक्षा केली. या खोलीतली एकटी खरं बोलणारी मुलगी, आणि मी तिलाच बाकाच्या टोकाला बसवलं! कोरा, चुकले मी."

आर्डिस उठली, खुंटीवरचं ब्लँकेट काढलं, स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि कोराच्या शेजारी जाऊन बसली. "हे माझ्या आईचं आहे," ती म्हणाली. "फार ऊबदार आहे. तुम्हाला कोणाला कधी कळू दिलं नाही मी."

थोड्या वेळाने मॅरेन उठली. मग ती आली, आर्डिसच्या दुसऱ्या बाजूला बसली आणि ब्लँकेटचं एक टोक आपल्या गुडघ्यांवर ओढून घेतलं. "मी अजून रागावलेली आहे," ती म्हणाली. "राहा," आर्डिस म्हणाली. पॉलाने मॅरेनला नवे पाच शब्द वाचून दाखवले, आणि खरोखर प्रयत्न करून तिला दोनच आठवले.

गुरुवारी आर्डिसने विश्वस्तांपुढे जोलीनचं पत्र ठेवलं. अख्खं. डेलने ते वाचलं आणि या वेळी तो हवामानावर बोलला नाही. विश्वस्तांनी काही ठरवण्याआधीच तिने हंगामाअखेर पद सोडत असल्याचं सांगितलं. तिच्यावर आणखी चौकशी बसली, वर्तमानपत्रात तिचं नाव आलं, या वेळी बर्फावर बसलेल्या मुलींच्या फोटोशिवाय. काहींनी तिला भित्री म्हटलं, काहींनी क्रूर. शनिवारचा सामना आमच्या पोरी एक-तीनने हरल्या. दुसऱ्या दिवशी कोणी फेऱ्या मारल्या नाहीत.

वाचकहो, ही गोष्ट आमच्या बर्फातली आहे, पण हा रोग काही थंड हवेचा नाही. आपण सोसलं म्हणून पुढच्यानेही सोसावं, असं म्हणणारं माणूस प्रत्येक घरात आणि प्रत्येक कचेरीत बसलेलं आहे. आरशात बघितलं तर कधीकधी तेच दिसतं. दुखणं लपवायला लावणाऱ्या जागी धीट माणसं घडत नाहीत, फक्त खोटं बोलणारी घडतात. आणि अन्यायाशी लढलेल्या माणसाने तर रोज तपासावं, की आपण लढाई जिंकून कोणाच्या खुर्चीवर बसलो आहोत!

एप्रिलमध्ये, तळ्यावरचा बर्फ फुटायला लागला त्या आठवड्यात, मॅरेनचा फोन आला. डॉक्टरांनी तिला सात आठवडे पुस्तकालाही हात लावू दिला नव्हता.

"कोच, आज पाच! पाचच्या पाच! पॉला रडली हो!" ती म्हणाली. आणि मग जरा थांबून तिने विचारलं, "तुमचे त्या दिवशीचे आठवतात का आता?"

"मध," आर्डिस म्हणाली. "घोडा. पायरी."

"टाचणी आणि कंदील, कोच. लिहून घ्या."

"थांब, लिहून घेते," आर्डिस म्हणाली, आणि तिने आपल्याही कपाटाच्या दारावरच्या पिवळ्या चिठ्ठ्यांतली एक काढली.